जहाज एका खांबाला धडकलं आणि अख्खा पूल पडला, असं कसं?

मीनल_ठाणे
अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा की ब्रिज २६ मार्च २०२४ ला पडला तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल, 'डाली' हे मालवाहू जहाज एका खांबाला लागतं आणि काही सेकंदांत सगळा सांगाडा पाण्यात. खांब एक गेला तर तेवढाच भाग पडायला हवा ना? आणि दुसरं म्हणजे जहाजावर जवळजवळ सगळे भारतीय होते, माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे, त्यामुळे तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर क्रू झोपला होता वगैरे फार वाईट फॉरवर्ड आले, ताईला किती त्रास झाला काय सांगू. खरंच त्यांची चूक होती का? कुणी त्या फील्डमधलं असेल तर नीट सांगा प्लीज.

तुळई
पुलांच्या डिझाइनमध्ये आहे म्हणून पहिल्या प्रश्नाचं सांगतो. हा कंटिन्युअस ट्रस होता, म्हणजे गाळे (दोन खांबांमधले भाग) सुटेसुटे ठेवलेले नाहीत, तीन गाळे मिळून स्टीलचा एकच सांगाडा, त्यातला मधला गाळा ३६६ मीटरचा. यात स्टील कमी लागतं आणि लांब गाळा जमतो, पण एक आधार काढला की वजन दुसरीकडे जायला वाटच उरत नाही. व्हिडिओ स्लो करून बघा, पलीकडचा गाळा, ज्याला जहाज लागलंच नव्हतं, तोही शेवटी गेला.

आणि लाखभर टनाचं जहाज साडेसहा नॉट्सने आलं (म्हणजे ताशी १२ किमी, सायकलचा स्पीड) तरी असा खांब ते सोसू शकत नाही. त्यामुळे उपाय एकच, जहाज खांबापर्यंत पोचूच द्यायचं नाही. फ्लोरिडात सनशाइन स्कायवेला ९ मे १९८० ला 'समिट व्हेंचर' धडकलं, ३५ माणसं गेली, मग १९८७ च्या नव्या पुलाला खांबांभोवती दगडांची बेटं आणि काँक्रीटचे भक्कम डॉल्फिन (जहाज अडवायला पाण्यात उभारलेले वेगळे खांब) केले. की ब्रिज १९७७ चा. त्यालाही १९८० मध्ये 'ब्लू नागोया' नावाचं जहाज लागलं होतं, पण ते छोटं, पूल तगला. 'डाली' त्याच्या दहापट. जहाजं वाढत गेली आणि खांबांचं संरक्षण होतं तेवढंच राहिलं. एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी अमेरिकन सरकारी संस्था) नंतर हिशोब केला तर जोखीम मान्य मर्यादेच्या जवळपास ३० पट निघाली, आणि हा हिशोब पुलाच्या मालकांनी आधी कधी केलाच नव्हता. मला खरा राग याचा येतो.

होबार्टवासी
मीनलताई, तुम्ही म्हणताय तसं आमच्याकडे ऑस्ट्रेलियात होबार्टला झालंय. टास्मान ब्रिज, ५ जानेवारी १९७५, 'लेक इलावारा' दोन खांबांना धडकलं आणि तीनच गाळे पडले, बाकी पूल उभा. तरी १२ जण गेलेच. जहाज अजून डर्वेंट नदीच्या तळाशी आहे. आता मोठं जहाज खालून जाताना वरची वाहतूक थांबवतात.

इंजिनरूम
मी मरीन इंजिनिअर. झोपला होता म्हणणाऱ्यांनी स्टँडबायला (बंदरातून आत-बाहेर करताना सगळे सज्ज असतात तेव्हा) इंजिन रूम कशी असते ते एकदा येऊन बघावं.

झालं असं की एका सिग्नल वायरच्या टोकाला लेबल असं बसवलं होतं की वायर टर्मिनल ब्लॉकमध्ये (वायरी जोडायचा ठोकळा) पूर्ण आत गेलीच नाही. ती सैल झाली, ब्रेकर उघडला, ब्लॅकआउट, म्हणजे जहाजाची वीज गेली. कूलिंगचे पंप बंद, म्हणून मेन इंजिन आपोआप बंद, आणि प्रोपेलर थांबला की सुकाणूला जोर राहत नाही. पोरांनी मिनिटभरात लाइट परत आणली होती, पण जनरेटरला इंधन फ्लशिंग पंपाने (जो या कामासाठी नसतो) दिलं जात होतं जो ब्लॅकआउटनंतर आपोआप सुरू होत नाही, म्हणून दुसरा ब्लॅकआउट. ही पद्धत चुकीचीच होती, त्यावर कंपनीची देखरेख हवी होती. पण पुलाच्या इतक्या जवळ हे झालं की वेळच नव्हता. नांगर टाकला, पायलटने (बंदरातून जहाज बाहेर नेणारा स्थानिक वाटाड्या) कळवलं, त्यांनी वेळेवर जे करायचं ते केलं असं एनटीएसबीच्या रिपोर्टमध्येही आहे.

मेरीलँडकर
पायलटने कळवलं म्हणूनच पोलिसांनी दोन्ही बाजूंनी गाड्या थांबवल्या, नाहीतर किती गेले असते. पण जे सहा गेले त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोरहून आलेली माणसं, रात्री दीड वाजता खड्डे बुजवायला पुलावर, ब्रेकमध्ये आपापल्या गाडीत बसलेली. त्यांना कुणी सांगितलंच नाही. पोलिसांना निरोप गेला त्याच वेळी त्यांनाही कळवलं असतं तर न पडलेल्या भागापर्यंत गाडी नेता आली असती कदाचित, हे एनटीएसबीनेच म्हटलंय. त्यांच्या फोरमनकडे पोलिसांशी थेट बोलायची सोय हवीच होती.

क्रूचेही हाल झाले, फोन जप्त, कित्येक आठवडे जहाजावरच अडकले, १३ मे ला स्फोट करून पुलाचा सांगाडा कापला तेव्हाही ते आतच होते.

मीनल_ठाणे
खूप आभार सगळ्यांचे, हे सगळं ग्रुपवर टाकते. एकच राहिलं, टग (मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी) पुलापर्यंत सोबत का नव्हते?

इंजिनरूम
टग धक्क्यावरून सोडवून चॅनलला लावून देतात आणि परत फिरतात, बहुतेक पोर्टांत हेच. पुलाखालून जाईपर्यंत सोबत ठेवायचे तर त्याचा खर्च येतो, आणि तिथे तसा नियमच नव्हता.