मदत हवी आहे: जॅग्वार ई-टाइप ३.८, इंजिन मूळचंच आहे का ते कसं पडताळायचं?

तिसरा गिअर:
१९६३ची ई-टाइप, ३.८ लिटर, फिक्स्ड हेड कूपे (न उघडणाऱ्या छताची), लेफ्ट हँड ड्राइव्ह. घेण्याआधी विचारतोय. डेटा प्लेटवर (गाडीचे नंबर असलेली पाटी) आणि ब्लॉकवर (इंजिनाचा मुख्य ओतीव भाग) एकच इंजिन नंबर आहे, 'आर'ने सुरू होणारा आणि शेवटी -९. हेडवरचा, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागावरचा, नंबर वेगळा. गिअरबॉक्सवर 'ईजे'. विकणारा 'मॅचिंग नंबर्स' म्हणतोय, म्हणजे सगळे भाग कारखान्यातून आले तेच. ब्लॉकवरचे आकडे मला जरा जास्तच लख्ख वाटतात.

काळं ऑइल:
मॅचिंगचा दावा गिअरबॉक्सवरच निकालात निघाला. ३.८च्या 'मॉस' नावाच्या गिअरबॉक्सला 'ईबी' असतं. 'ईजे' म्हणजे ४.२चा बॉक्स. चालवूनही कळेल, मॉसच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर खडखड न करता बसवणारी यंत्रणा) नसतो. बदल सोयीसाठी केलेला असतो, त्यात वाईट काही नाही. फक्त जुना बॉक्स गाडीसोबत मिळतोय का ते विचारा.

प्लेट हा सगळ्यांत कच्चा पुरावा. कोऱ्या प्लेटा विकत मिळतात, हवा तो नंबर मारून घेता येतो. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचं सर्टिफिकेट मागा. त्यात कारखान्याच्या नोंदीतले चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स नंबर येतात. ते मालकालाच मिळतं, तेव्हा अर्ज विकणाऱ्याला करू द्या. पण ते फक्त कारखान्यातून काय बाहेर पडलं एवढंच सांगतं. समोरचं लोखंड तेच आहे का, हे आपणच बघायचं.

-९ म्हणजे ९:१ कॉम्प्रेशन, सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते. सुरुवातीला ७ई असतं तर ४.२ ई-टाइपचं, ७एल असतं तर एक्सजे६ या जॅग्वार सेडानचं इंजिन.

झडपवाला:
ब्लॉकवरचा नंबर उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या वर. तिथे वायर ब्रश, पॉलिश पेपर काही लावू नका, पुरावाच पुसला जाईल. पेंट रिमूव्हर, नायलॉनचा ब्रश, लाकडी काडी, बस्स. मग टॉर्च जवळजवळ आडवा धरून उजेड पाडा आणि फोटो काढा.

आकड्यांपेक्षा त्यांच्याखालचा पृष्ठभाग वाचा. आजूबाजूला मशीनिंगच्या किंवा ओतकामाच्या खुणा आहेत आणि आकड्यांखालीच गुळगुळीत खळगा, तर ग्राइंडर फिरलाय. 'ब्लॉक फेस करताना (वरचा पृष्ठभाग घासून सपाट करताना) नंबर गेला, म्हणून परत मारला' ही सबब इथे चालत नाही. हेड बसतं तो पृष्ठभाग वेगळा, नंबर बाजूला आहे. आकडे थोडे वाकडेतिकडे असले तर घाबरू नका, पंच हातानेच मारलेले असत. अंकांच्या वळणासाठी जवळच्या नंबरांच्या, शंका नसलेल्या गाड्यांचे फोटो शेजारी ठेवा.

हेडवरचा नंबर पुढच्या टोकाला असतो. हेड अॅल्युमिनियमचं, पाण्याच्या वाटांपाशी गंजून खराब होतं आणि बदललं जातं. किंमत कमी करून घ्या, पण ब्लॉक बदलल्याइतकं ते गंभीर नाही.

तिसरा गिअर:
स्पार्क प्लगच्या भोकातून स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) मोजला तर ३.८ची खात्री होईल ना? मेकॅनिक तसं म्हणतो.

झडपवाला:
नाही. ३.४, ३.८ आणि ४.२, तिघांचाही स्ट्रोक १०६ मिमी. फरक बोअरमध्ये (सिलिंडरचा व्यास): ८३, ८७ आणि ९२.०७. त्यासाठी हेड उतरवावं लागेल, आणि विकणारा ते करू देणार नाही.

काळं ऑइल:
चासी नंबर राहिला. तो पुढच्या फ्रेमच्या आडव्या भागावर, उजव्या डॅम्परच्या (शॉक अॅब्सॉर्बर) माउंटिंगच्या वर मारलेला असतो. ही फ्रेम बोल्टने बसते, म्हणजे अपघातानंतर बदलता येते, आणि नवीन फ्रेम कोरी येते. त्यामुळे तिथे नव्याने मारलेला नंबर म्हणजे लबाडीच असं नाही; पण बिल आणि जुन्या फ्रेमचे फोटो हवेत. दोन्ही नसतील तर बॉडी नंबर सर्टिफिकेटशी जुळतो का ते आधी बघा. तोही जुळला नाही, तर इंजिनाची चर्चा कशाला करायची?

किरकोळ भागांत डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बघा. ३.८ला डायनॅमो, ४.२ला अल्टरनेटर. ल्युकस कंपनीच्या डायनॅमो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटरवर तारखेचा ठसा असतो. तो गाडीच्या बांधणीच्या जरा आधीचा हवा. नंतरचा निघाला तरी सौदा मोडू नका, हे झिजणारेच भाग. कार्ब्युरेटर एसयू कंपनीचे तीन एचडी८ आहेत का तेवढं मोजा.

ब्लॉकचा तिरक्या उजेडातला फोटो इथे टाका, मग पुढचं बोलू.