रेल्वे कामगाराचं फुफ्फुस आणि अमेरिकेचा १९०८ चा कायदा: दोष सिद्ध करायला लावणं न्याय्य आहे का?

मंदार:
अमेरिकेत रेल्वे कामगाराला इतरांसारखी, दोष न पाहता मिळणारी भरपाई नाही. १९०८ च्या ‘फेला’ (फेडरल एम्प्लॉयर्स लायबिलिटी ॲक्ट) कायद्याखाली त्याने कंपनीवर दावा लावायचा आणि तिचा हलगर्जीपणा दाखवायचा. हात तुटला तर हे चालेल, फुफ्फुसाच्या आजारात नाही. ॲस्बेस्टॉसचा आजार दिसायला वीस-चाळीस वर्षं जातात. तोवर शेड पाडलेली, सोबतचे कामगार गेलेले. पुरावा आणायचा कुठून? आपल्या भारतातल्या १९२३ च्या भरपाई कायद्याने (२०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस हे सिलिका आणि ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारे फुफ्फुसाचे आजार अनुसूचीतच घातले होते: ठरलेल्या कामात ठरलेला काळ काढलेल्याला तो रोग झाला की अपघातच मानला जाई. मला हेच माणुसकीचं वाटतं.

वैशाली:
मंदारराव, दोष किती सिद्ध करायचा ते सांगा की! १९५७ च्या रॉजर्स निकालानुसार कंपनीच्या हलगर्जीपणाचा अगदी थोडा हातभार असला तरी पुरतो; २०११ मध्ये मॅकब्राइड खटल्यात तेच कायम झालं. ‘धोका माहीत असून काम केलंस’ हा बचाव १९३९ पासून बंद आहे. आता रक्कम बघा. १९२३ च्या कायद्यात कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणक मिळे, आणि २०२० च्या अधिसूचनेनुसार तो पगार १५,००० रुपयांच्या वर धरलाच जात नसे. चार पायऱ्या चढताना लागणाऱ्या धापेचे पैसे शून्य. फेलात ज्युरी यातनांचेही पैसे देते. २००३ च्या एयर्स निकालात ॲस्बेस्टॉसिस झालेल्यांना कर्करोगाच्या रास्त भीतीचीही भरपाई मान्य झाली.

मंदार:
एयर्समध्ये रोग झालेला होता. १९९७ चा बकली खटला आठवा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या बोगद्यांत पाइपांवरचं ॲस्बेस्टॉस काढताना तो कामगार धुळीने माखायचा. कंपनीने हलगर्जीपणा मान्यही केला. पण लक्षणं नाहीत, म्हणून मानसिक त्रासाचे पैसे नाहीत आणि पुढच्या तपासण्यांसाठी एकरकमी पैसेही नाहीत. दोष सिद्ध होऊन हात रिकामे!

संजीव:
तुमच्या वादात डिझेल राहिलं, आणि खरी अडचण तिथेच आहे. ॲस्बेस्टॉस बऱ्याचदा फुफ्फुसाच्या आवरणावर चट्टे सोडतं. डिझेलचा धूर अशी ओळखीची खूण ठेवत नाही. २०१२ पासून तो निश्चित कर्करोगकारक गणला जातो, तरी कंपनी सिगारेटकडे बोट दाखवते. ज्युरीने कामगाराचा दोष ४० टक्के धरला, तर ५ लाख डॉलरचे ३ लाख होतात.

म्हणून कागद आधी. एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि डीएलसीओसह (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो याची चाचणी) फुफ्फुसाच्या कार्यक्षमतेची तपासणी. छातीचा एक्स-रे धुळीच्या आजारांसाठी प्रमाणित ‘बी रीडर’कडून वाचून घ्यायचा. मग वर्षवार नोंद: कोणती शेड, कोणती इंजिनं, ती बंद शेडमध्ये किती वेळ चालू ठेवत, मास्क दिला होता का. ज्येष्ठता यादीतून त्या काळचे सहकारी शोधता येतात.

मुदत तीन वर्षांची. १९४९ च्या युरी खटल्यात, रुळांवर टाकायच्या वाळूने सिलिकोसिस झालेल्या फायरमनची (वाफेच्या इंजिनात कोळसा घालणाऱ्याची) मुदत आजार उघड झाल्यापासून धरली. नंतरची न्यायालयं विचारतात, कामाशी संबंध केव्हा कळायला हवा होता? डॉक्टरने केसपेपरवर ‘कामावरची धूळ?’ एवढं लिहिलं, तरी कंपनी त्या तारखेपासून मोजते. स्वेच्छानिवृत्तीच्या पैशांसोबत येणाऱ्या कागदात ‘भावी आजारांचे सर्व दावे सोडले’ अशी ओळ असते. वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

वैशाली:
संजीव यांच्याशी सहमत. त्यात भर: राज्य न्यायालयात लावलेला फेलाचा दावा कंपनीला संघीय न्यायालयात ओढता येत नाही. कुठे लावायचा हे आधी ठरवा.

माधुरी:
मला तर दोषाचा प्रश्न हवाच वाटतो. टॅम्पिंग यंत्राने रुळांखालची खडी ठोकताना सिलिका उडते. अमेरिकेतल्या २०१६ च्या नियमाने तिची आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठेवली. खडी भिजवली नाही, केबिनचा फिल्टर बदलला नाही, हे कोर्टात महाग पडतं म्हणून तरी भिजवतात. ठरावीक रक्कम देऊन सुटता आलं तर पाण्याचा टँकर कोण पाठवेल?

मंदार:
टँकरचा मुद्दा मान्य. पण तो आजच्या कामगाराला वाचवतो. इंजिनाच्या ब्रेकमधल्या ॲस्बेस्टॉसने मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) झालेल्याला २०१२ च्या कर्न्स निकालानंतर ब्रेक बनवणाऱ्यावर राज्याच्या कायद्याखाली दावाही लावता येत नाही. त्याच्यापुरती तरी दोषाविना भरपाई ठेवा, वर फेलाचा दावाही राहू द्या.