मेंढरांना भाव आला, पण पैसा कळपाकडे परत का जात नाही?

माणदेशी: लोकरीला आता कुणी विचारत नाही, उलट कातरणावळ अंगावर पडते. मेंढपाळाचं घर चालतं ते नर कोकरांवर. आखाडात किंवा बकरी ईदच्या तोंडावर आटपाडी, लोणंदच्या बाजारात बरे पैसे होतात. मग सोनं, मोटरसायकल, लग्न. कळपाच्या वाट्याला काहीच येत नाही. माझं म्हणणं, प्रत्येक विक्रीतला ठरावीक हिस्सा आधी मेंढरांसाठी काढावा: जंतनाशक, गाभण मेंढ्यांना मक्याची भरड आणि दर दोन-तीन वर्षांनी बाहेरचा नर. घरचाच नर ठेवत गेलं की नात्यातलं रक्त येतं आणि कोकरं खुजी निपजतात.

वाड्यावरचा: दादा, चारायचं कुठं ते आधी सांगा. आमच्या वाटेवरच्या पडीक रानात ऊस उभा राहिलाय, वनखात्याच्या हद्दीत पाय टाकला की दंड. कांदा निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवून चार पैसे मिळतात, तेवढाच आधार. दुष्काळात मेंढरू मातीमोलानं जातं, तेव्हा सोनंच मोडता येतं. आणि पोराच्या शिक्षणाला घातलेला पैसा वाया गेला म्हणता काय?

माणदेशी: मेंढरं वाढवा असं मी म्हटलंच नाही, आहेत ती जगवा म्हणतो. पहिल्या पावसाचं कोवळं गवत खाऊन रात्री ठणठणीत असलेलं कोकरू सकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेलेलं सापडतं. आंत्रविषार हा आतड्याचा रोग आधी अशी अंगानं भरलेली, विकायला आलेली कोकरंच नेतो. लस पावसाळ्याआधी टोचली की हे टळतं.

फलटणकर: चराई कमी असेल तर नारी सुवर्णा या जुळी देणाऱ्या मेंढीच्या जातीचा नर घ्या. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनातल्या गारोल मेंढीचा जुळ्यांचा गुण आपल्याकडच्या दख्खनी मेंढीत आणलाय. मेंढ्या तेवढ्याच, कोकरं जास्त.

धनगराची लेक: जुळ्यांना आईचं दूध पुरत नाही हो. वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, हलतो तेव्हा लहान कोकरं घोड्याच्या पाठीवर जाळीत घालून न्यायची, मुक्कामाला पोचलं की बाटलीनं पाजायची. हे काम आम्हा बायकांचंच, त्याची मजुरी कुठल्याच हिशेबात धरत नाहीत. बंदिस्त पाळणाऱ्याला जुळी परवडतील, फिरत्या वाड्याला अवघड आहे.

वाड्यावरचा: लसीचं पटलं. लस टोचून घेऊच. पण राज्य सरकारच्या महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर ७५ टक्के अनुदानावर मिळतात, त्यातला आपला २५ टक्के वाटा कशातून भरायचा? श्रावणात भाव पडलेला, हात रिकामा.

माणदेशी: म्हणूनच तर म्हणतो, आखाडातल्या पैशातून तेवढे बाजूला ठेवा.

धनगराची लेक: ठेवू, पण ते पैसे बाईच्या खात्यावर राहू द्या. नाहीतर पहिल्याच लग्नसराईत जातात.