बर्फातल्या फजित्या – या, आपापल्या सांगा

गोधडी_इंदूर

चार दिवस झाले इंदूरला असला गारठा आहे की भांडीवाल्या मावशींना गिझरचं पाणी काढून द्यावं लागतंय. मुलगी पंधरा दिवसांनी मैत्रिणींबरोबर उत्तराखंडात केदारकंठाच्या ट्रेकला चाललीये म्हणून माझं जुनं जॅकेट माळ्यावरून काढलं, उन्हात टाकायच्या आधी खिसे चाचपले तर आतल्या खिशात पोपटी सलवारीची नाडी. एका टोकाला काळं चिकट काहीतरी लागून वाळलेलं. शिडीवरच बसून राहिले पाच मिनिटं, कुकरच्या शिट्ट्या झाल्या तेव्हा खाली आले.

तर २०११ चा फेब्रुवारी, उत्तराखंडातलंच औली. जानेवारीत तिथे दक्षिण आशियाई हिवाळी खेळ झाले होते, आमच्या स्की शिकवणाऱ्या उस्तादांच्या तोंडी सतत तेच. आमचा स्कीचा कोर्स संपत आलेला आणि शेवटी आम्हा चौघांना ते रोपवेच्या दहा नंबर टॉवरच्या वर, जंगलातून गोरसोंच्या बुग्यालाकडे (म्हणजे डोंगरावरच्या कुरणाकडे) घेऊन गेले. वर ओढून न्यायला काही नाही, आपणच चढायचं. त्यासाठी स्कीच्या तळाला स्किन चिकटवतात, पट्ट्यासारखं लवदार कापड असतं, मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं, पुढे सुळकन जातं आणि मागे घसरायला लागलं की लव उलटी होऊन धरून ठेवतं. टाच मोकळी. हे प्रकरण मला इतकं आवडलं की विचारू नका, गुपचूप चढत राहायचं, फक्त सर्र सर्र आवाज आणि समोर नंदादेवी.

वर एक छोटा उतार मारला आणि परत चढायचं होतं. उतरताना स्किन काढतात. उस्ताद सकाळपासून दहादा ओरडले होते की काढलेली स्किन जॅकेटच्या आत पोटाशी ठेवा. माझ्या पोटाशी आईचे डिंकाचे लाडू होते. स्किन मी सॅकच्या बाहेरच्या जाळीत कोंबल्या, वर बर्फ लागलेलं तसंच. झालं, गोंदाला बर्फाचे कण धरले आणि एक स्किन चिकटायचं नावच घेईना. उस्तादांनी घासली, काखेत धरली, तोंडानं वाफ दिली, मला शिव्या दिल्या (गढवालीत, त्यामुळे सौम्य वाटल्या). चार पावलं गेलं की मागून सुटून लोंबायची. शेवटी बांधायला काहीतरी द्या म्हणाले, आणि माझ्याकडे वॉटरप्रूफ पँटीच्या आत थर्मलऐवजी सलवार होती, कारण तेव्हा इथे धड थर्मल कुठे मिळायचे. आडोशाला जाऊन नाडी ओढून काढून दिली. स्किन राहिली हो घट्ट. पण सलवार आतल्या आत उतरत गुडघ्याशी गोळा झाली आणि झिगझॅगचं प्रत्येक वळण घेताना मी गोणपाटाच्या शर्यतीत असल्यासारखी उडत होते.

उशीर झाला तो झालाच. दुपारी मऊ झालेला बर्फ सावली पडल्यावर गोठून वर पापडासारखा थर, स्कीची कडा धरेना, थर मधेच फुटायचा आणि पाय आत. निम्मा उतार बसून आले. पँट मागून फाटली, तिथे पोपटी सलवार दिसत होती.

तुमचंही सांगा. स्कीच हवं असं नाही, बर्फ असला की झालं.

पोहेजिलेबी

भियाराम ताई! एवढ्या लांब जाऊन इज्जत नाडीवर होती म्हणजे :)) लाडू वाचले का ते सांगा आधी

गोधडी_इंदूर

लाडू दगड झाले होते. उस्तादांनी स्कीच्या बुटानं फोडून खाल्ले, तेव्हा कुठे माझ्याशी बोलले.

सुदामानगरकर

गुलमर्ग २०१९. आम्ही तिघं इंदूरचे, दोन-तीन सिझन स्की करून अंगात आलेलं. तिथल्या गंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर जवळपास ३९८० मीटरला सोडतो, तिथून दोरी लावलेल्या भागाबाहेर जायचं तर गाईड घ्या असं सगळे सांगतात म्हणून घेतला, तंगमर्गकडचे एक चाचा, बोलायचे कमी. सकाळी त्यांनी बीकन शोधायची प्रॅक्टिस करवली. म्हणजे ते छातीला बांधायचं यंत्र, ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल सोडतं, कुणी गाडलं गेलं तर बाकीचे आपापलं यंत्र शोधण्यावर टाकतात. चाचांनी एक बीकन पिशवीत घालून पुरलं आणि म्हणाले शोधा. माझा आकडा कमी व्हायचा, परत वाढायचा, मी बर्फात गोल गोल, सतरा मिनिटं. चाचा शांतपणे आले आणि माझ्या छातीच्या खिशातून मोबाईल काढून घेतला. शोधताना फोन अर्धा मीटर तरी लांब लागतो, नाहीतर बीकन त्याच्याच मागे लागतं. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली माणसं बहुतेक वाचतात, नंतर भराभर कमी, एवढंच ते बोलले. मी सतरा लावली होती. पिशवीत नंतर बघितलं तर बीकनबरोबर चाचांची रोटी निघाली, ती माझ्यामुळे गारढोण झालेली.

मग वर. ताजा बर्फ, दोन दिवस वारा सुटलेला, ऊन, अहाहा. पुढचा मित्र उतारावर आडवा निघाला आणि एकदम धप्प. कसा आवाज सांगू, जाड गादीवर वजनदार माणूस बसल्यावर येतो तसा, पण तो पायाखालून येऊन लांबपर्यंत पळत गेल्यासारखा वाटला आणि आपण सगळेच बोटभर खाली बसलो. चाचांनी नुसता हात वर केला. खालचा थर रवाळ, साखरेसारखा झालेला, वर वाऱ्यानं दाबलेली लादी, आणि ती लादी आत्ता त्या साखरेवर बसली असा अर्थ. तो भाग बराच सपाट होता म्हणून काही झालं नाही. तीस ते पंचेचाळीस अंशाच्या उतारावर असता तर लादी आम्हाला घेऊन निघाली असती. एकेकानं, अंतर ठेवून, आलो त्याच वाटेनं मागे. आम्ही वैतागलेलो, एवढे पैसे भरून साली ही काय गंमत, मी तर चाचांना ऐकू जाईल असं बोललोही. दुसऱ्या दिवशी डोंगराच्या त्याच बाजूला शेजारच्या उतारावर वरच्या बाजूला सुरीनं कापल्यासारखी रेघ होती आणि खाली ढेकळांचा ढीग. कुणी नव्हतं त्यात. चाचांना चहा पाजला, सॉरी म्हणायला मात्र तोंड उघडलं नाही.

१ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले ती बातमी वाचली तेव्हा तो धप्प परत ऐकू आला.

रामबागेतली_आजी

पोटात गोळा आला वाचून. हे घरी सांगितलं होतंस का रे

सुदामानगरकर

नाही आजी. आई पण इथे वाचते कधी कधी, म्हणून नाव लिहिलेलं नाही.

पोहेजिलेबी

भिया सुदामानगरात स्की करणारे किती असतील, आईनं ओळखलं असणार आत्तापर्यंत

लष्करचा_भाचा

विषय वेगळा आहे माफ करा पण केदारकंठावरून आठवलं, मार्चमध्ये डेहराडूनला जायचंय, इंदूरहून तिकडे जाणारी गाडी ग्वाल्हेरला पकडता येते ना? आमच्याकडे बर्फ नाही पण धुकं असं असतं की स्टेशनावर समोर उभी गाडी आपली का दुसऱ्याची कळत नाही

गोधडी_इंदूर

येते रे, पण रोज नसते, वार बघून घे. आणि धुक्यात वेळेवर येईल ही आशा सोड.

बडोदेकर_सूनबाई

आमची फजिती उलटी, बर्फच नाही! जानेवारी २०२४. सासू-सासरे, नणंद, दोन मुलं असे सात जण बडोद्याहून गुलमर्गला. सासूबाईंनी सहा महिने आधीपासून मोजे विणले होते. आणि वर पोचतो तर काय, पिवळं वाळकं गवत, कमाटीबाग मे महिन्यात दिसते तशी. त्या वर्षी जवळजवळ अख्खा जानेवारी कोरडा गेला तिथे. स्लेजवाला बिचारा तरी मागे लागला, मुलांना गवतावरून ओढत नेलं ५० मीटर, धाकटा म्हणतो आई हे तर पोतं आहे. टूरवाल्याकडे पैसे परत मागितले तर म्हणाला बर्फ पॅकेजमध्ये लिहिलेला नाही मॅडम. काढून बघितलं, खरंच नव्हता लिहिलेला. आम्ही घरी येऊन कपडे धुऊन वाळत घातले आणि महिनाअखेरीस तिथे धो धो पडला, टीव्हीवर बघितला. सासूबाई टीव्हीसमोर मोजे घालून बसल्या होत्या.

कानटोपी

बर्फ पॅकेजमध्ये नाही हाहाहा. काकू भारी.

माझं छोटं आहे. मनालीजवळ सोलंगच्या वर दिवसभर, ढगाळ होतं म्हणून गॉगल कपाळावर. ऊनच नाही तर गॉगल कशाला, हा माझा तर्क. बर्फ अल्ट्राव्हायोलेट परत फेकतो आणि ढगातूनही तो येतोच हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. संध्याकाळपर्यंत काहीही नाही, मस्त मॅगी खाल्ली. रात्री अकराला डोळ्यात कुणी जाडं मीठ चोळल्यासारखं सुरू झालं. उघडले तरी दुखतं, मिटले तरी दुखतं, पाणी थांबेना, खोलीतला शून्य वॉटचा दिवासुद्धा टोचायचा. मित्रानं हात धरून संडासला नेलं, दोन दिवस. डॉक्टरांनी थेंब दिले आणि अंधारात पडून राहा म्हणाले, चोळायचं नाही. तिसऱ्या दिवशी दिसायला लागलं तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती माझं नाक, खालून भाजलेलं. नाकपुड्यांच्या आत कातडी सोलली होती राव. क्रीम सगळे वरून लावतात, ऊन खालून येतं तिथे.

रामबागेतली_आजी

डोळ्यांवर गाईच्या दुधाची घडी ठेवायची होती

कानटोपी

आजी मनालीत त्या वेळी दूध पण गोठलेलं होतं

झिगझॅग

राजेंद्रनगरचा, सध्या म्युनिकला आहे. ऑफिसमधले शनिवारी ऑस्ट्रियात टिरोलमध्ये स्किन लावून चढतात, मीही तीन वर्षं जातोय. इथे रोज हिमस्खलनाचं बुलेटिन येतं, धोका १ ते ५ असा. त्या दिवशी ३ होतं. आपल्याला वाटतं पाचात तीन म्हणजे फर्स्ट क्लास. इथले जुने लोक सांगतात की सगळ्यात जास्त माणसं तीनलाच जातात, चार-पाचला कुणी घराबाहेर पडत नाही. म्हणून सोपा, कमी उताराचा डोंगर धरला, त्यात काही चूक नव्हती.

चूक पुढची. वर टोकाला वाऱ्यात बोटं बधिर, बाइंडिंगच्या (बूट स्कीला धरून ठेवतं ते) पुढच्या पिना बुटाच्या भोकात नीट बसल्यात का ते बघितलंच नाही. खोबणीत बर्फ अडकला होता. तिसऱ्या वळणावर डावी स्की सुटली आणि कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात आत शिरली. वर मागमूस नाही. प्रोबनं, म्हणजे बर्फात खुपसायच्या लांब काठीनं, भोसकत बसलो चौघं, दीड तास, स्वयंपाकघरात हरवलेली सुई शोधावी तसं. नाहीच. (मे महिन्यात एका गुराख्याला मिळाली, खाली ठेवलेल्या चिठ्ठीवरून फोन आला, ती वेगळी गोष्ट.) मग उतरणं. एका स्कीवर जमत नाही, काढली तर मांडीपर्यंत आत. पाय उपसून काढायचा, पुढे टाकायचा, तो पण आत. ४०० मीटर अंतराला दोन तास लागले, सपाटीवर पाच मिनिटं नसती लागली. वर घाम आणि खाली बुटात पाणी. फोन बाहेरच्या खिशात होता, ४० टक्के बॅटरी असताना थंडीनं बंद पडला, पोटाशी धरून गरम केल्यावर परत ३० दाखवायला लागला. ताई, पोटाशी लाडूही हवेत, स्किनही हवी, फोनही हवा. माणसाला पोट एकच.

पोहेजिलेबी

आमच्या पोटाचं बघता मावेल सगळं

म्युनिकवाले भिया, तिकडे सेव मिळते का हो? का इकडून पाठवतात

झिगझॅग

आई पाठवते, लौंगवाली. सॅकमध्ये तीच असते. उणे बारात चॉकलेट दातानं तुटत नाही, सेव कधीच दगा देत नाही.

बडोदेकर_सूनबाई

आमच्या सेव-उसळीची सेव जाड असते, ती तर बर्फात पण कुरकुरीत राहील. ताई केदारकंठाला स्की लागतात का? लेक पण मागे लागलीये

गोधडी_इंदूर

नाही गं, पायीच, सांकरीहून. साडेबारा हजार फुटांच्या आसपास आहे. बुटाला खालून काटे लावतात आणि पायाला गेटर, म्हणजे बुटात बर्फ जाऊ नये म्हणून गुडघ्याखाली बांधायचं कापड. चार चांगले लोकरी मोजे जास्त न्या, ओले झाले की रात्री तंबूत वाळत नाहीत, झोपायच्या पिशवीत अंगाशी घेऊन झोपावं लागतं. सासूबाईंचे मोजे कामाला येतील.

लेकीला हा धागा वाचून दाखवला. कानटोपीचं नाक वाचून गॉगल दोन घेणार म्हणाली. माझी नाडी दिली तर म्हणते आई आता कुणाच्या पँटला नाडी असते का, सगळं इलॅस्टिक.

रामबागेतली_आजी

इलॅस्टिकचा काय भरवसा. दे बरोबर

लष्करचा_भाचा

ताई तुमच्या लेकीची गाडी पण तीच का? ग्वाल्हेरला रात्री थांबेल तेव्हा प्लॅटफॉर्मवर गजक आणून देतो, डबा कुठला ते सांगा फक्त, धुक्यात शोधत बसणार नाही