चर्चा: रात्री कर्ज काढताना 'कशाला?' विचारणारं कुणी नसतं

मुक्काम_हिंजवडी
मी मूळचा लातूरकडचा, सहा वर्षं पुण्यात. दीड वर्षापूर्वी रूममेट लग्न करून गेला आणि वन-आरकेत मी एकटा उरलो. तेव्हापासून ॲपवरून आणि कार्डावर मिळून २,८०,००० रुपयांचं कर्ज झालंय. फोन, खुर्ची, घड्याळ, रोजचं बाहेरचं जेवण. अडलेलं काहीच नव्हतं. परवा कर्जमंजुरीचे सगळे मेसेज काढून बघितले. एक सोडला तर सगळे रात्री अकरानंतरचे.

वडिलांनी विहिरीसाठी पतपेढीतून कर्ज काढलं तेव्हा दोन जामीनदारांसाठी ते चार घरं फिरले होते. प्रत्येक घरी चहा, आणि 'एवढे कशाला काढताय?' हा प्रश्न. शेवटी ठरवलं होतं त्याच्या निम्मीच रक्कम उचलली. मला एक ओटीपी पुरला. आमच्या घराण्याचा संयम म्हणतात तो कुणा एकट्याचा नव्हताच, चार घरांत वाटलेला होता. एकटेपणा आणि कर्ज यांचं नातं मला तरी इथे दिसतं. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस
वाचून वाईट वाटलं, पण पटलं नाही. पतसंस्थेच्या वसुलीत माझी वीस वर्षं गेली. माणसं बुडालेली मी पाहिली ती गोतावळ्यात. मुलीचं लग्न, मानपान, भावकीत नाक राहावं म्हणून टाकलेला दुसरा मजला. 'कशाला काढताय' म्हणणारेच पुढे 'एवढ्यात कसं भागेल' म्हणतात. आणि बहुतेक जामीनदार काही विचारत नाहीत हो, चहा पितात आणि सही करतात.

संयम ज्याचा त्याचा. कार्डावर ४०,००० थकलेत आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे असं धरा. व्याज १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. तुम्ही 'किमान रक्कम' म्हणून २,००० भरले, तर मुद्दल फिटलं ३४८. हे गणित एकदा कळलं की माणूस एकटा असला तरी हात आखडतो.

रात्रपाळी
गणित मला येत होतं, दादा. मी नर्स आहे, औषधांचे डोस रोज मोजते. तरी पहाटे ड्यूटीवरून आले की खोलीत शिरण्याआधी जिन्यात उभी राहून काहीतरी मागवायचे. उद्या कुणीतरी दार वाजवेल, एवढ्यासाठी. डिलिव्हरीवाला 'ताई, पार्सल' म्हणायचा, तेवढंच बोलणं व्हायचं.

रॉय बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत २००५ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. काही जणांना मुद्दाम सांगितलं, की पुढे आयुष्यात तुम्ही एकटे पडाल. ती माणसं बेचव पण तब्येतीला चांगलं पेय कमी प्यायली, कोडी लवकर सोडून उठली. पण अशाच एका प्रयोगात चांगलं काम केल्यास पैसे देऊ केले, तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे त्यांना आवरता येत होतं. आवरायचं कुणासाठी, ते हरवलं होतं. मला ते वाचताना रडू आलं.

हिशेबनीस
ताई, तुमचं दुःख खरं आहे. पण तुमचाच प्रयोग सांगतो की आवरण्याची ताकद आत होती. तीच तर मी म्हणतोय.

वर्धेकर
ताकद आत असून भागत नाही. मी बचत गटाचं काम करते. आमच्याकडे मायक्रोफायनान्सची गट-कर्जं आली. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, तोवर बैठकीतून उठायचं नाही. एक बाई एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीकडून उचलत होती. सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोललं नाही, मीसुद्धा नाही, कारण ती थांबली असती तर बोजा आमच्यावर आला असता. दहा बायकांत बसून ती एकटीच होती. घराच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम हप्त्यांत जाऊ नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ मध्ये आला. तिला तो कुणी सांगितला नाही.

तेव्हा हिंजवडीकर, माणसं जवळ असणं पुरेसं आहे असं म्हणू नका. ज्याचा आपल्या हप्त्यात हितसंबंध नाही, असं कुणी लागतं.

मुक्काम_हिंजवडी
वर्धेकर ताई, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मान्य.

पण हिशेबनीस काका, दोष सगळा माझ्या संयमावर टाकू नका. पूर्वी काही ॲप फोनमधले सगळे नंबर उचलायची आणि हप्ता चुकला की मामा-मावशीला फोन जायचे. ज्यांच्यापासून लपवलं, नेमके त्यांनाच. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये त्याला मनाई केली. दंड न भरता ठरावीक मुदतीत कर्ज परत करायची सोयही तेव्हाच आली. माणूस रात्री घसरतो आणि सकाळी सावरतो, हे धरूनच तो नियम केलाय ना?

काल बहिणीला आकडा सांगितला. दहा मिनिटं रागावली, मग वही घेऊन बसली.

हिशेबनीस
नियमाचं म्हणणं मान्य, बाकीचं नाही. बहिणीला सांगितलंत हे फार चांगलं केलंत. ज्याचं व्याज सर्वांत जास्त ते आधी फेडा, बहुधा कार्डच असेल. आणि तिची कुठेही सही घेऊ नका. तिला फक्त वही धरू द्या.