ऑश्विट्झ आणि मिठाची खाण एकाच दिवशी? माझं मत: नको

मंगळवारतळे

नमस्कार मंडळी. साताऱ्याचे दहा आणि सांगली-मिरजेचे आठ असे आम्ही अठरा जण सप्टेंबरात पोलंड आणि प्राग करणार आहोत. बहुतेक निवृत्त, दोन जोडपी नोकरीतली आणि एक अकरा वर्षांचा नातू. क्राकोवला दोनच पूर्ण दिवस मिळतात. तिथं एक जोडसहल असते. सकाळी सातच्या आत बस, ऑश्विट्झ-बिर्केनाऊ ही नाझींची छळछावणी गाईडसह साडेतीन तास, दुपारचा डबा बसमध्येच, मग व्येलिच्काची मिठाची खाण गाईडसह जवळजवळ तीन तास, आणि रात्री हॉटेलवर. दुसऱ्या दिवशी रेल्वेने वॉर्सा. परवाच्या बैठकीत बारा हात या बेताच्या बाजूने वर गेले. माझा गेला नाही. तेवढ्यात चहा आला आणि विषय मिटला, म्हणून इथे मांडतेय.

मी सत्तावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. दुसरं महायुद्ध मी दरवर्षी दोन तासिकांत उरकलं, कारण पुढे परीक्षा असायची. छळछावण्यांच्या वाट्याला पाच मिनिटं. एकट्या ऑश्विट्झमध्ये अकरा लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, त्यांतले सुमारे दहा लाख ज्यू. हे आकडे मी फळ्यावर लिहिले आणि पुसले. आता प्रत्यक्ष तिथे जायला मिळतंय, तर तिथून घड्याळ बघत बाहेर पडायची माझी तयारी नाही.

अंतरही बघा. ऑश्विट्झ क्राकोवच्या पश्चिमेला पासष्ट-सत्तर किलोमीटरवर, म्हणजे साताऱ्याहून कराडच्या थोडं पुढे. खाण क्राकोवच्या आग्नेयेला चौदा किलोमीटरवर. एक टोक गाठून परत शहर ओलांडून दुसरीकडे जायचं. गाईडची वेळ ठरलेली, उशीर झाला तर पुढची वेळ मिळेलच असं नाही. अशा दिवसात कोण थांबणार आणि कशापुढे थांबणार? मतं सांगा, विरोधी असली तरी चालतील.

कृष्णाकाठ

बाई, मी त्या बारा हातांतला एक. सांगलीकर. तुमची कळकळ कळते, पण हिशेबही बघा. व्हिसा, विमान, आठवड्याची रजा एवढं जमवून माणूस आयुष्यात एकदाच जातो. जोडसहल घेतली तर अख्खा एक दिवस हातात राहतो, आणि तो वॉर्साला द्यायचा हे मी मुद्दाम सुचवलंय. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. त्या छावणीचं स्मारक वॉर्सात उभं आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. माझी आजी वळिवड्याशेजारच्या गांधीनगरच्या बाजूची. गोऱ्या बायका बाजारात मराठीत भाव करायच्या, असं ती सांगायची. पोलंडपर्यंत जाऊन मी ते स्मारक न बघता परत यायचं का?

ऑश्विट्झमधून सुटलेल्या लोकांनाच आपल्या मातीने आसरा दिला. मग ऑश्विट्झ आणि वॉर्सा दोन्ही बघितल्याशिवाय ती गोष्ट पुरी होत नाही. खाण मधे बसते तर बसू द्या.

आटपाडीकर

कृष्णाकाठ, एक दुरुस्ती. वळिवड्याचे लोक ऑश्विट्झमधून आलेले नव्हते. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून त्यांना सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. सुटका झाल्यावर ते इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यांच्यातल्या आजारी मुलांसाठी आपल्या पाचगणीला आरोग्यकेंद्र होतं. म्हणजे ही गोष्ट वेगळी आहे, तिचा छळ करणाराही वेगळा. दोन्ही एकाच माळेत ओवल्या की दोन्हींवर अन्याय होतो. बाई घाईबद्दल बोलतात ना, ती घाई अशी. बस सुटायच्या आधीच आपण दोन गोष्टींची एक करून टाकली.

आपल्या भागाचा धागा हवाच असेल तर मॉरिस फ्रीडमन आठवा. वॉर्साचा ज्यू इंजिनिअर. तिशीच्या दशकात भारतात आला, औंध संस्थानात रमला. १९३९ च्या औंधच्या राज्यघटनेमागे आणि आमच्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगामागे त्याचा हात होता. तो वॉर्सातच राहिला असता तर त्याचं काय झालं असतं, हे ऑश्विट्झमध्ये गेल्यावर वेगळं सांगावं लागणार नाही. मी मंगळवारतळे बाईंच्या बाजूने.

कृष्णाकाठ

दुरुस्ती मान्य, चूक माझी. मत मात्र बदललेलं नाही. उलट वॉर्साचं महत्त्व वाढलं.

वाईची लेक

मी ही जोडसहल केलेली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आम्हाला नेणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही.

सकाळी ऑश्विट्झ. कानात हेडफोन, पुढे गाईड, मागे तीसेक माणसं आणि आमच्या मागे लगेच दुसरा गट. एका काचेमागे सूटकेसांचा ढीग आहे. त्यांच्यावर पांढऱ्या रंगात मालकांनी स्वतःच्या हाताने नावं घातलेली, काहींवर जन्मतारीखही. परत मिळावी म्हणून नाव घातलं होतं ना! आपण नाही का, एसटीच्या टपावर टाकायच्या ट्रंकेवर गावासकट नाव घालायचो? मी एका बॅगेवरचं नाव वाचत होते आणि ते पूर्ण होण्याआधी कानातला आवाज पुढच्या खोलीत गेला. ते अर्धं नाव अजून माझ्याजवळ आहे. केसांच्या दालनात फोटो काढायचे नसतात. तिथे सगळे गप्प होते. मग साडेतीन किलोमीटरवर बिर्केनाऊ, रेल्वेचा रूळ, आणि रूळ संपतो तिथे भग्न गॅस चेंबर. तिथे आम्हाला वीस मिनिटं मिळाली.

बसमध्ये डबे वाटले. मी घरून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. पुडी उघडली आणि तशीच बंद केली. दोन तासांनी आम्ही खाणीत होतो आणि तिथली गाईड हसत हसत सांगत होती, भिंत चाटून बघा, खरंच मीठ आहे. लोक चाटत होते, फोटो काढत होते. तिचं काही चुकलं नाही, त्यांचंही नाही. पण मला रडू आलं आणि ते कशाचं आहे हे नवऱ्याला समजावता येईना. खाण अतिशय सुंदर आहे. मला ती नीट आठवत नाही, याचं वाईट वाटतं. एका दिवसात दोन्ही घालून दोन्ही गमावू नका.

अपशिंगेकर

ताई, आमचा अनुभव नेमका उलटा. मी वडिलांना घेऊन गेलो होतो. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त, आमच्या घरात चार पिढ्या फौजेत. ऑश्विट्झमधून बाहेर पडल्यावर बाबा एक शब्द बोलले नाहीत. दीड तास बसमध्ये खिडकीबाहेर बघत होते. मला भीती वाटायला लागली होती.

मग खाण. जमिनीखाली १०१ मीटरवर संत किंगाचं चॅपल आहे. चॅपल कसलं, चांगलं चौपन्न मीटर लांब देऊळच म्हणा. भिंती मिठाच्या, झुंबरं मिठाच्या स्फटिकांची, पायाखालच्या फरशीच्या रेघासुद्धा मिठातच कोरलेल्या. मीठ पांढरं नाही, आपल्या काळ्या दगडाच्या पुसट छटेचं करडं. हे खाणकामगारांनी कोरलं. १८९६ ला सुरुवात, आणि काम सत्तरएक वर्षं चाललं. बाबांनी भिंतीवरच्या शेवटच्या भोजनाच्या शिल्पाला लांबूनच हात जोडले आणि म्हणाले, 'हे पण माणसांनीच केलंय.' दिवसभरातलं त्यांचं पहिलं वाक्य. त्या रात्री ते जेवले. सरळ हॉटेलच्या खोलीत गेलो असतो तर जेवले नसते, हे मी खात्रीने सांगतो.

म्हणून मी जोडसहलीच्या बाजूने. माणसाला तिथून उठून कुठेतरी जायला जागा लागते.

वाईची लेक

दादा, तुमच्या बाबांचं वाचून गळा दाटला. तरी विचारते, ती जागा क्राकोवच्या नदीकाठचा एखादा बाक असती तर चाललं नसतं का?

अपशिंगेकर

आमच्या बाबांना नसतं चाललं. ते बसून राहणारे नाहीत, त्यांना पायाखाली वाट लागते.

मिरजेची फिजिओ

वाट लागते म्हणालात म्हणून लिहिते. अठरात बहुतेक निवृत्त, तर गुडघ्यांचा विचार कुणी केलाय का? खाणीत सुरुवातीलाच सुमारे ३८० लाकडी पायऱ्या सलग उतराव्या लागतात. पूर्ण मार्गावर ८०० च्या घरात. पहिला टप्पा ६४ मीटर खोल, शेवट १३५ मीटरवर. वर यायला लिफ्ट आहे, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण गुडघ्याच्या वाटीवर चढण्यापेक्षा उतरताना जास्त भार येतो. सज्जनगड चढताना दम लागतो आणि गुडघे धरतात ते उतरून आल्यावर, हे सगळ्यांनाच माहीत आहे. आधी साडेतीन तास ऑश्विट्झच्या विटा-खडीवर उभं राहायचं आणि मग हे. माझ्याकडे येणाऱ्या साठीपुढच्या पेशंटना मी हा दिवस करू देणार नाही. खाण सकाळी, ताज्या पायांनी. आत १७-१८ अंश असतं, पातळ स्वेटर ठेवा.

विश्रामबाग

सगळे खाण म्हणजे विरंगुळा असं धरून चाललेत, ते मला पटत नाही. १९४४ मध्ये जर्मनांनी याच व्येलिच्काच्या खाणीत युद्धसामग्रीचा कारखाना काढायला घेतला आणि छावण्यांतले ज्यू कैदी मजुरीला आणले. रशियन फौजा जवळ आल्या म्हणून तो बेत अर्धवट राहिला. आणि त्याआधीची सातशे वर्षं बघा. मीठ म्हणजे पोलिश राजांची तिजोरी होती. वर माणसं आणि खाली माणसं, घोडेही खालीच. खाणकामगार एकमेकांना भेटले की 'श्चेंश्च बोझे' म्हणतात, म्हणजे देव भलं करो. संध्याकाळी वर येऊ की नाही याची खात्री नसलेल्यांचा तो नमस्कार आहे. १९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली, तिच्यात बारा ठिकाणं होती आणि ही त्यांतली एक. ऑश्विट्झनंतर मन हलकं करायला म्हणून हिच्याकडे जाणं मला खाणीवर अन्याय वाटतो.

माझं सुचवणं: ऑश्विट्झला एक स्वतंत्र दिवस. खाणीबरोबर युद्धाचं संग्रहालय हवंच असेल तर ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या शिंडलर या जर्मन उद्योजकाच्या क्राकोवमधल्या कारखान्याचं घ्या, खाणीहून येताना वाटेतच म्हणावं इतकं जवळ. २०१० पासून तिथे संग्रहालय आहे. विषय १९३९ ते १९४५ मधलं क्राकोव शहर: दुकानं, ट्राम, रेशन, ज्यूंची वस्ती, भिंत. आधी हे बघितलं की दुसऱ्या दिवशी ऑश्विट्झमध्ये ती माणसं कुठल्या गल्लीतून निघाली होती ते कळतं.

कृष्णाकाठ

आणि वॉर्सा? म्हणजे माझं स्मारक गेलंच.

नातवाची आजी

त्या अकरा वर्षांच्या मुलाची आजी मीच. ऑश्विट्झचं संग्रहालय चौदाच्या आतल्या मुलांना आणू नये असं सुचवतं. बैठकीत एक काका म्हणाले, आपली पोरं पाच वर्षांची असल्यापासून वढू-तुळापूरची गोष्ट ऐकतात, त्यांना काय होतंय? ऐकतात, बरोबर आहे. पण संभाजी महाराजांची गोष्ट आजी मांडीवर घेऊन सांगते. कुठे थांबायचं ते तिच्या हातात असतं. काचेमागचे लहान मुलांचे बूट कुणाच्या हातात नसतात. जोडसहल झाली तर मला त्याला घेऊन दिवसभर हॉटेलात बसावं लागेल आणि त्याची खाणही जाईल. वेगळे दिवस असतील तर ऑश्विट्झच्या दिवशी आम्ही दोघं वावेलच्या किल्ल्यावर ड्रॅगनची गुहा बघू आणि खाणीत सगळ्यांबरोबर उतरू. चॅपल जिच्या नावाचं, त्या किंगा राजकन्येच्या अंगठीची गोष्ट त्याला आत्ताच पाठ आहे: हंगेरीतल्या खाणीत टाकलेली अंगठी व्येलिच्काच्या पहिल्या मिठाच्या ढेपेत सापडते.

अपशिंगेकर

आजी, हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. मुलाला बाहेर ठेवून जोडसहल नको. माझं मत मागे घेतो. बाबांपुरतं मात्र ते खरंच होतं.

मंगळवारतळे

सगळ्यांनी मनापासून लिहिलंत. अपशिंगेकर, तुमच्या बाबांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. विश्रामबाग, खाण म्हणजे मौज असं मीही धरून चालले होते, ते चुकलंच.

काल रात्री पुन्हा सगळ्यांशी बोलले. नवा बेत असा: पहिला दिवस सकाळी खाण, दुपारी शिंडलरचा कारखाना. दुसरा दिवस फक्त ऑश्विट्झ-बिर्केनाऊ. गाईडचे साडेतीन तास झाल्यावर बिर्केनाऊत आपल्या आपण थांबायचं, परतीची बस आपली स्वतंत्र. संध्याकाळी काही ठेवलेलं नाही. प्रागची एक रात्र कमी करून तिसरा दिवस काढलाय. सकाळच्या गाडीने अडीच तासांत वॉर्सा, कोल्हापूरचं स्मारक, रात्री परत. कृष्णाकाठ, तिथे वाहायची फुलं कोण आणणार ते तुम्हीच ठरवा.

कृष्णाकाठ

फुलं मी आणतो. आजीच्या गावची चिमूटभर मातीही न्यावी असं मनात होतं, पण विमानतळावर अडवतील, म्हणून फुलंच. प्रागची रात्र गेल्याने आमच्या घरात दोघं नाराज आहेत, ते मी बघतो.

मंगळवारतळे

ऑश्विट्झचा प्रवेश मोफत आहे, पण प्रवेशपत्रावर प्रत्येकाचं नाव लागतं आणि ते ओळखपत्राशी ताडून बघतात. अठराही जणांनी पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, शनिवारपर्यंत मला कळवा. मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत, प्रत्येकाने लहान पर्स किंवा शबनम ठेवा. आणि मिरजेच्या ताई, ३८० पायऱ्यांसाठी आत्तापासून कोणते व्यायाम करायचे ते लिहून पाठवाल का? आमच्यातले सहा जण उद्यापासून रोज सकाळी अजिंक्यतारा चढून उतरणार आहेत.

मिरजेची फिजिओ

पाठवते. रोज नको, दिवसाआड चढा. आणि उतरताना सावकाश.