दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करून खांदा धरतो, काय करावं?

प्रश्न: मी जनरल सर्जन, उंची पाच फूट. पित्ताशयाच्या केसेस लागोपाठ असल्या की उजवा खांदा भरून येतो. टेबल उंच सहकाऱ्यांच्या हिशेबाने असतं, त्यात गॅस भरला की पेशंटचं पोट आणखी वर येतं; मग कोपरं हवेत धरूनच काम. स्टेपलर (आतल्या अवयवांना पिना मारून शिवणारं हत्यार) माझ्या एका मुठीत मावतच नाही. रात्री कुशीवर झोपता येत नाही. तुम्ही काय करता?

ज्येष्ठ सर्जन: टेबल पार खाली घ्या. तरी पुरलं नाही तर रुंद पायरी मागवा, आणि विजेच्या हत्याराचं पायाने दाबायचं पेडलही पायरीवरच हवं, नाहीतर एका पायावर तोल सांभाळत राहाल. हत्यारांची हँडल कोपराच्या पातळीत, मॉनिटर अगदी समोर, नजरेच्या जरा खाली.

ओटी सिस्टर: मॅडम, संकोच कसला? ड्रेपिंगआधी, म्हणजे पेशंटवर निर्जंतुक कापड घालण्याआधी सांगा, आम्ही लावून देतो.

फिजिओ: अधूनमधून अर्धा मिनिट हत्यारं बाजूला ठेवून खांदे मागे फिरवा, हात निर्जंतुक राहावेत म्हणून छातीसमोरच राहू देत. मुंग्या येत असतील तर मात्र नुसत्या व्यायामावर भागवू नका, मान तपासा.

प्रश्नकर्ती: अंगठ्याला येतात. उद्याच दाखवते.